लाटेच्या पलीकडचे पाहणे

१३ नोव्हेंबर २०२३ रोजी अमावास्या होती. दिवाळीच्या सुटीमुळे गणपतीपुळ्याच्या पुळणीवर पर्यटकांची गर्दी होती, आणि त्या गर्दीसमोरच देवमाशाचे एक जिवंत पिल्लू वाळूत रुतून पडले. पुढचे सुमारे चाळीस तास त्याच्याभोवती माणसे राबत होती. वनखाते, तटरक्षक दल, पशुवैद्य, गावकरी यांनी त्याच्या अंगावर ओली कापडे टाकली, पाणी मारले, सलाईन लावले, भरतीची वाट पाहिली आणि शेवटी टगबोटीच्या मदतीने त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. पिल्लू वाचल्याची बातमी राज्यभर गेली. त्यानंतर ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मेले. त्या चाळीस तासांत हात कमी पडले नाहीत, माया कमी पडली नाही, जिद्दही कमी पडली नाही. पण या साऱ्या धडपडीत कळीचे असलेले तीन प्रश्न वाळूवर उभ्या असलेल्या कोणालाही सोडवता येण्याजोगे नव्हते. पिल्लाची आई किंवा कळप जवळपास आहे का? किनाऱ्याला लागण्यापूर्वीच ते किती खंगले होते? आणि दोर सुटल्यावर ते कोणत्या दिशेने गेले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे होती, आणि आपण सगळे अलीकडे होतो.

किनाऱ्यावर अडकलेल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या मदतीसाठी ड्रोन वापरण्याचा विषय निघाला की तो यंत्राच्या कौतुकाकडे वळतो. मला तो इतिहासाच्या बाजूने पाहावासा वाटतो. माणूस देवमाशाकडे कुठे उभा राहून पाहत आला, यावर त्याला देवमाशाबद्दल काय कळले आणि त्याने देवमाशाचे काय केले हे ठरत गेले. ड्रोनने बदलली आहे ती ही पाहण्याची जागा. त्यामुळे त्याचा खरा उपयोग जनावर वाळूवर पडलेले असताना फारसा नाही. तो आहे जनावर वाळूवर येण्याआधीच्या काही तासांत आणि पाण्यात परत सोडल्यानंतरच्या काही दिवसांत. समुद्रापासून अडीचशे किलोमीटर आत असलेल्या, बीड जिल्ह्यातल्या सिंदफणेकाठच्या शिरूर कासारात बसूनही हे म्हणता येते. किंबहुना तिथून काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. त्याकडे पुढे येतो.

अरबी समुद्रातल्या देवमाशांची सर्वांत जुनी सविस्तर हकीकत अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या प्रवासाची आहे. इ.स.पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाकडून इराणच्या आखाताकडे जाताना त्याच्या खलाशांना पाण्यातून उंच उडणारे फवारे दिसले, आणि ते देवमाशांचे आहेत हे कळल्यावर भीतीने त्यांच्या हातातली वल्ही गळून पडली. निआर्कसने रणशिंगे फुंकायला लावून, आरडाओरडा करत जहाजे त्यांच्यावरच घातली. देवमासे बुडी मारून निघून गेले. त्याच किनाऱ्यावर त्याला देवमाशांच्या हाडांची घरे बांधणारे लोक भेटले. बरगड्यांचे वासे आणि जबड्याच्या हाडांची दारे. म्हणजे जिवंत देवमासा हे भय होते, आणि किनाऱ्याला लागलेला देवमासा हे बांधकामाचे साहित्य. पुढची दोन हजार वर्षे यात फार फरक पडला नाही. जुलै १८५२ मध्ये कलकत्त्याजवळच्या खाऱ्या सरोवरांत पायलट देवमाशांचा कळप अडकला, तेव्हा एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. उत्तर हिंदी महासागरातल्या निळ्या देवमाशाला १८५९ मध्ये ‘इंडिका’ हे नाव दिले तेही ब्लाइथ यांनीच, आणि तेही किनाऱ्याला लागलेल्या सांगाड्यांच्या हाडांवरून. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या प्राण्याची आपल्या समुद्रातली ओळख अशी झाली. पोहताना तो कसा दिसतो हे नाव ठेवणाऱ्याने पाहिले नव्हते.

विसाव्या शतकात माणसे खोल समुद्रात जाऊन देवमासे पाहू लागली, पण ती मारण्यासाठी. मुख्यतः नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्यालगतच्या समुद्रात २४२ हम्पबॅक देवमासे मारले. ही शिकार बेकायदा होती. खरे आकडे दडवले गेले आणि सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९०च्या दशकात, रशियन शास्त्रज्ञांनीच ते उघड केले. अरबी समुद्रातले हम्पबॅक इतर हम्पबॅकांसारखे ध्रुवाकडे ये-जा करत नाहीत. ते वर्षभर याच समुद्रात राहतात, आणि आनुवंशिक अभ्यास सांगतो की हजारो वर्षांपासून ते बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. ओमानलगत त्यांची संख्या आज शंभराच्या आत मानली जाते. मारल्या गेलेल्या २४२च्या शेजारी हा आकडा ठेवला की नुकसान किती मोठे होते ते समजते. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र जाहीर झाला. भारतात आज सर्व देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने आहेत. पण वाघाला संरक्षण मिळाले तेव्हा त्याच्या पाऊलखुणा मोजणारे वनरक्षक जंगलात होते. देवमाशाला कायदा मिळाला, मोजणारा मिळाला नाही. जानेवारी १९७३ मध्ये तमिळनाडूत तिरुचेंदूरच्या किनाऱ्याला १४७ पायलट देवमासे लागले, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते वाळूवर मोजता आले.

महाराष्ट्राचा विचार केला तर २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला, आणि किनाऱ्याला लागलेल्या जनावराची नोंद ठेवण्याची जबाबदारी हळूहळू एका निश्चित यंत्रणेकडे आली. २०१५च्या मे महिन्यात संशोधकांच्या पथकाला सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे पोहताना दिसले. महिनाभरातच, जूनमध्ये, रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि काही तासांत गेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर मेलेला देवमासा आला. त्याच महिन्यात तिरुचेंदूरलगतच्या मणप्पाडच्या किनाऱ्यावर ऐंशीहून अधिक पायलट देवमासे आले. कोळ्यांनी होड्यांना बांधून आत नेऊन सोडलेल्यांपैकी काही पुन्हा किनाऱ्याला आले. सप्टेंबर २०१६ मध्ये राजापूर तालुक्यातल्या माडबनला सुमारे ४७ फुटांचा देवमासा परत पाण्यात ढकलण्यात यश आले. दीड वर्षात एवढ्या घटना. आणि नेमक्या याच काळात भारतात सामान्य संस्थेला ड्रोन उडवण्याची सोय नव्हती. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलने ड्रोनने पिझ्झा पोहोचवून दाखवला, त्यावरून गहजब झाला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवानगीशिवाय ड्रोन उडवण्यास बंदी घातली. त्याच वर्षी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर संशोधक छोट्या ड्रोनमधून ओर्कांचे फोटो घेऊन कोण खंगली आहे, कोण गाभण आहे हे वरून ओळखत होते. सुरक्षेची चिंता खोटी होती असे मी म्हणत नाही. पण धोरण नसताना घातलेल्या बंदीची किंमत कुठे कुठे द्यावी लागते याची यादी केली, तर तीत रेवदंडा आणि मणप्पाडही धरावे लागतील. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी वाट मोकळी केली. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या.

वरून पाहिल्याने नेमके काय मिळते, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण बाकीचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. देवमाशाचे शरीर पाण्याने उचलून धरलेले असते. वाळूवर आल्यावर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर येते. दबलेल्या स्नायूंतले रक्त अडते, स्नायू झिजू लागतात, चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पुन्हा पाण्यात सोडल्यावर झिजलेल्या स्नायूंतले घातक द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर जाते. त्यामुळे वाळूवरचा प्रत्येक तास पुढच्या जगण्यातून वजा होतो, आणि लाटेत दिसेनासे झालेले जनावर वाचले असे धरणे धाडसाचे ठरते. म्हणून बचावाची खरी वेळ आधीची आहे. किनाऱ्याकडे भरकटत येणारे जनावर उथळ पाण्यात शिरण्यापूर्वी दिसले, तर होड्या आडव्या घालून त्याला वळवता येते. दोनशे फुटांवरून वाळूचे दांडे, लाटा कुठे फुटतात, खोल पाण्याची वाट कुठून आहे हे एका नजरेत कळते. भरतीला जनावर कुठून काढायचे ते ठरवायला एरवी तांडेलाच्या अनुभवावर विसंबावे लागते, आणि तो अनुभव असलेला माणूस त्या वेळी पुळणीवर असेलच असे नाही. ड्रोनची उंची आणि भिंगाचे माप माहीत असेल तर फोटोवरून लांबी-रुंदी काढता येते, आणि रुंदीवरून जनावर पोसलेले आहे की आधीच उपाशी, हे ठरते. नवजात पिल्लू कित्येक महिने आईच्या दुधावर असते. आई नसेल तर त्याला खोल पाण्यात सोडणे म्हणजे त्याला उपासमारीकडे पाठवणे. आई आहे की नाही हे पाहायला आठ-दहा किलोमीटरचा समुद्र धुंडाळावा लागतो, आणि बोटीवरून नजर फार लांब जात नाही.

इथे आक्षेप येतो, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या चेन्स बीचजवळ पायलट देवमाशांचा कळप किनाऱ्यालगत एकमेकांना चिकटून गोळा झाला. ड्रोनने घेतलेल्या चित्रांत तो घोळका वरून हृदयाच्या आकाराचा दिसतो. काही तासांत कळप किनाऱ्याला लागला. जवळपास शंभर जनावरे होती, एकही वाचले नाही. आधी दिसूनही काही करता आले नाही, मग पाहण्याचा उपयोग काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. माझे उत्तर असे की त्या दिवशी पाहिलेले दृश्य त्यापूर्वी कोणी असे पाहिलेच नव्हते. कळप किनाऱ्याला लागण्याच्या आधी काय करतो याबद्दल शंभर वर्षे तर्क चालले होते. पुढाऱ्यामागे आंधळेपणाने जाणे, कानांचा आजार, उथळ तळामुळे फसलेले ध्वनिसंकेत असे अनेक. सगळे तर्क वाळूवरच्या प्रेतांवरून केलेले होते. आधीचे वर्तन एकदा नोंदले गेले की पुढच्या वेळी तो घोळका म्हणजे इशारा आहे हे ओळखता येईल. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेलफ्लीटला उथळ पाण्यात डॉल्फिनचा मोठा कळप अडकला. आधी संख्या १२५ सांगितली गेली. वरून घेतलेले फोटो तपासल्यावर ती १४६ निघाली. तिथे बहुसंख्य डॉल्फिन वाचले, कारण वर्षानुवर्षे सराव केलेली माणसे, होड्या आणि वाहने तयार होती. एकवीस जनावरे चिखलात उभ्या असलेल्या अनुभवी माणसांच्याही मोजणीतून निसटतात, हे मला त्या घटनेतले सर्वांत बोलके तथ्य वाटते. नंतर जगले किती, मेले किती, हा हिशेब एकूण आकडा बरोबर असल्याशिवाय मांडताच येत नाही.

दुसरा आक्षेप कोकणचा स्वतःचा आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा प्रेते आणि अशक्त जनावरे किनाऱ्याकडे लोटतो, आणि त्याच महिन्यांत लहान ड्रोन उडत नाहीत. पाणी गढूळ असते, पृष्ठभागाखाली हातभरही दिसत नाही. बॅटरी अर्ध्या तासाची. हे सारे खरे आहे, आणि बीड जिल्ह्याला तर ते अनुभवाने ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये शिरूर कासारच्या शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने काही दिवसांत माणसे मारली. पथके आली, पिंजरे लागले, ड्रोन उडाले. पण उभ्या उसात आणि तुरीत शिरलेला बिबट्या वरून दिसत नाही, जसा गढूळ पाण्यातला डॉल्फिन दिसत नाही. अखेर १८ डिसेंबरला तो सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात मारला गेला. यावरून ड्रोन निरुपयोगी ठरतो असे कोणी म्हणेल. मला त्यातून वेगळे दिसते. ड्रोन कुठे बघायचे हे स्वतः ठरवत नाही, ते जमिनीवरचा माणूस ठरवतो. ताजे ठसे कोणत्या बांधावर होते हे सांगणारा गडी नसेल तर ड्रोन नुसते रान चित्रित करत राहतो. समुद्रातही तसेच. गढूळ पाण्यात देवमासा दिसत नाही, पण श्वासाला वर आलेल्याचा फवारा दिसतो, आणि तो कोणत्या बाजूला दिसला हे पहाटे जाळे ओढणाऱ्या खलाशाला आधी कळते. पावसाळ्यात ड्रोन बंद राहील, हे मान्य. गणपतीपुळ्याचा दिवस मात्र नोव्हेंबरचा होता.

म्हणून शिरूर कासारकडे यायला हवे. या तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. विहिरीत पडलेले, तारेत अडकलेले, गाडीखाली सापडलेले पशुपक्षी तिथे येतात, उपचार होतात, आणि जगण्याजोगे झाले की निसर्गात परत सोडले जातात. कमी पावसाच्या, दरवर्षी निम्मे गाव ऊसतोडीला जाणाऱ्या मुलखात असे केंद्र उभे राहते ते कशावर, याचा विचार केला तर उत्तर साधे आहे. जखमी मोर दिसला की कोणाला फोन करायचा हे गावोगावच्या लोकांना माहीत आहे. बचावाची सुरुवात त्या फोनने होते. आणि असे केंद्र चालवणाऱ्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की पिंजऱ्याचे दार उघडणे हा शेवट नसतो, सुटलेले जनावर दुसऱ्या दिवशी कुठे बसले होते हे पाहावे लागते. किनाऱ्यावरही अशी साखळी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने ठरवले की जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. या निर्णयाने कोळ्याला गुन्ह्याच्या भीतीतून बाहेर काढून खबर देणारा केले. ड्रोन या साखळीतला एक दुवा म्हणून आला तरच कामाचा. तालुक्याच्या ठिकाणी कपाटात ठेवलेला ड्रोन आणि जिल्ह्याला पत्र लिहून मागवायचा चालक, अशी व्यवस्था असेल तर तो भरती उलटून गेल्यावर पोहोचेल.

लोकांचा ड्रोनवरचा अविश्वास हाही आक्षेपच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२४च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागातल्या गावांवरून रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले. कोणाचे, कशासाठी, हे कळेना. चोरीच्या धास्तीने गावांनी रात्री जागून काढल्या, विषय विधिमंडळात गेला. डोक्यावरून फिरणारा डोळा कोणाचा आहे हे माहीत नसेल तर माणूस घाबरणारच. कोकणात याला आणखी एक बाजू आहे. नौदल, तटरक्षक दल, विमानतळ यांच्यामुळे किनाऱ्याचे अनेक पट्टे उड्डाणासाठी बंद किंवा परवानगीचे आहेत. आणि सुट्यांत पुळणीवर हौशी लोकांचेही ड्रोन असतात. अडकलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या डोक्यावर पाच-सहा ड्रोन खाली उतरून भणभणले तर त्याचे हालच वाढतील. न्यूझीलंडमध्ये सागरी सस्तन प्राण्यांपासून विमानांनी आणि ड्रोननी दीडशे मीटर दूर राहावे असा नियम आहे. आपल्याकडेही नियम असाच सरळ हवा: घटना घडली की त्या पट्ट्यात फक्त बचाव पथकाचा एकच ड्रोन, त्याचा चालक कोण हे ग्रामपंचायतीला माहीत, आणि त्या भागाची परवानगी आधीच घेऊन ठेवलेली. खबर आल्यावर अर्ज करायला बसलो तर ओहोटी थांबत नाही.

उरला खर्चाचा प्रश्न. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातून तो विचारला गेला तर तो विचारणाऱ्याचा हक्क आहे. एका देवमाशासाठी एवढे कशाला? एका देवमाशासाठी असते तर मीही थांबलो असतो. पण अरबी समुद्रातल्या प्राण्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते थोड्याच जनावरांकडून आले आहे. ओमानलगत उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची एक हम्पबॅक मादी २०१७च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळून दक्षिणेकडे गेली, आणि नंतर ओमानकडे परतली. त्या एका प्रवासाने हे कळले की तिकडचे शंभर आणि इकडचे क्वचित दिसणारे वेगळे नसावेत. जिथे एकेका जनावरामुळे नकाशा बदलतो, तिथे किनाऱ्याला लागून परत सोडलेले जनावर नजरेआड होऊ देणे परवडत नाही. कॅमेऱ्याचा एक ड्रोन, दोन प्रशिक्षित चालक आणि राखीव बॅटऱ्या प्रत्येक किनारी तालुक्यात ठेवण्याचा खर्च टगबोटीच्या भाड्याशी ताडून पाहावा.

माडबनच्या देवमाशाची नोंद लाटेत ढकलल्यापाशी संपते. ती यशाची नोंद आहे. गणपतीपुळ्याच्या पिल्लाची नोंद पुढे गेली, कारण ते परत आले. माडबनचा देवमासा त्या दिवशी संध्याकाळी कुठे होता, त्याच्याबरोबर दुसरा कोणी होता का, तो श्वासाला किती वेळाने वर येत होता, हे पाहण्यासाठी लाटेच्या रेषेवरून दोन किलोमीटर आत जाणे आणि अर्धा तास वर थांबणे पुरले असते.